डाव्या बाजूची बटणं

उस्मान मास्तरांच्या दुकानाची पायरी चढण्याआधी आपल्या अंगावर काय काय आहे आणि ते आपण कसं चढवलंय, याचा मनातल्या मनात एक हिशोब करून घ्यावा लागे. कारण आत शिरताच मास्तर मशीनवरचा पाय थांबवणार, चष्म्याच्या वरून बघणार आणि परीक्षा घेणार, हे ठरलेलं.

"मुन्शी, गळ्यात हे काय?"

"टाय लावलाय, मास्तर."

"टाय बांधतात. लावतात तो चष्मा."

आखातातल्या दोह्याच्या सूकमागच्या, म्हणजे बाजारामागच्या, गल्लीत त्यांचं दुकान होतं. दोन मशिनी, एक कोळशाची इस्त्री, एक कापायचं टेबल आणि छताला एक पंखा. तो फिरायचा, पण वारा स्वतःपुरताच घ्यायचा. मास्तर बनियन आणि चौकटीची लुंगी अशा थाटात बसलेले असत, टोपीत दोन सुया खोचलेल्या. मी तेलकंपनीच्या शिपिंग ऑफिसात कारकून होतो, कुलाबा जिल्ह्यातला, आणि मास्तर दाभोळच्या खाडीकडचे. दोहोंमध्ये समुद्राचं फार अंतर नाही, पण मास्तर मला "तू वरचा" म्हणून हिणवत, आणि मला इंग्रजी येत होतं म्हणून "मुन्शी" म्हणत. माझं खरं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही.

अंगावर घालायच्या वस्तूंच्या शब्दांचं त्यांना वेड होतं. ते म्हणत, "बघ, आपली साडी नेसायची, शाल पांघरायची, फेटा बांधायचा, बांगड्या भरायच्या, गजरा माळायचा. प्रत्येकाचा मान वेगळा. आणि तुज्या सायबाचं काय? वेअर! टोपी वेअर, जोडा वेअर, चष्मा वेअर. परवा ती मडम म्हणते, सेंट वेअर केलाय. म्हणे ओठावर हसू पण वेअर करतात. काय ही गरिबी! एवढं तेल निघतं आणि शब्द एकच?"

समोरच्या चहावाल्या दाऊदभाईला हे पाठ होतं. तो मुद्दाम विचारी, "आणि तुमचे चिनी, मास्तर?"

मग मास्तर पाय खाली सोडून नीट बसत. "चिन्यांकडे दोन शब्द. ज्याच्यात अंग घालायचं ते 'च्यक'. जे अंगावर ठेवायचं ते 'ताय'. झगा च्यक, जोडे च्यक. टोपी ताय, कानातलं ताय, केसातला काटा ताय, मनगटातलं हिरव्या दगडाचं कडं ताय."

"घड्याळ?"

"ताय."

"आणि बायको?"

"बायको ना च्यक ना ताय. ती नवऱ्याला नेसते. निऱ्या काढून, खोचून."

दाऊदभाईच्या हातातला चहा सांडेपर्यंत तो हसायचा, आणि सांडलेला कप आमच्याच नावावर लावायचा.

मास्तरांचं चिनी ज्ञान आलं होतं हाँगकाँगहून. जवानीत ते बोटीवर खलाशी होते. हाँगकाँगला ताप भरला म्हणून कप्तानाने त्यांना उतरवलं, आणि बरे होईपर्यंत बोट निघून गेली होती. एका चिनी शिंप्याने त्यांना दुकानात ठेवून घेतलं. किती दिवस, याची मी त्यांच्या तोंडून सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत सगळी उत्तरं ऐकली आहेत. दुकानावरची पाटी इंग्रजीत आणि अरबीत "चायना टेलर" अशी होती. खाली एका मलबारी पेंटरने स्वतःच्या मनाने एक ड्रॅगन काढला होता. तो बघून गल्लीतली अरब पोरं त्याला सुसर म्हणत. मास्तर म्हणत, "असू दे. सुसर तर सुसर. चीनमध्ये पण असतीलच."

पण बटणं! त्या बटणांना मी आजही मानतो. रेशमाची तिरकी पट्टी कापायची, तिला तांदळाची खळ लावायची, आत केसासारखी तांब्याची तार घालायची आणि नखाएवढ्या जागेत पीळ देत देत तिचं फूल करायचं. एका बाजूला गाठ, दुसऱ्या बाजूला फासा, आणि दोहोंच्या मागे शेवंती, फुलपाखरू, नाहीतर वाटाण्याची शेंग. तार टेलिफोनच्या खात्यातून येई. कशी, ते विचारायचं नाही. दमट हवेच्या महिन्यांत खळ वाळत नसे, तेव्हा मास्तर ती फुलं रांगेने इस्त्रीच्या भोवती मांडून ठेवत आणि कोंबडीने पिलांकडे बघावं तसे त्यांच्याकडे बघत बसत.

त्या बटणांसाठी तेलकंपनीच्या मडमा दुखानच्या वसाहतीतून साठ मैल वाळू तुडवत यायच्या. हाँगकाँगच्या झग्याची तेव्हा टूम होती. उभी कॉलर, अंगाबरोबर शिवलेला, बाजूला चीर, आणि गळ्यापासून काखेकडे तिरकी जाणारी बटणांची रांग. मास्तर त्याला "चाँगसाम" म्हणत. म्हणतानासुद्धा 'साम'वर जरा थांबत, म्हणजे ऐकणाऱ्याला तो शब्द नीट बघून घेता यावा.

एकदा कंपनीच्या क्लबातल्या नाचाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर लँडरोव्हर येऊन थांबली. आतून एक लाल झालेला साहेब उतरला आणि त्याच्या मागून एक मडम. झगा कालचाच. दमट हवेने रेशमी गाठी अशा फुगल्या होत्या की साहेबाला, मग मडमेला, मग शेजारणीला, कोणालाही त्या सुटल्या नव्हत्या. बाई झग्यातच झोपली होती. साहेब कात्री घेऊन पुढे आला तेव्हा तिने त्याला म्हणे तंबी दिली की एक फूल कापलंस तर मी इंग्लंडला परत जाईन.

मास्तरांनी काय करावं? डोळे घट्ट मिटले, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि हात मागे करून दोन बोटांनी टक, टक, टक, फक्त कॉलरच्या तीन गाठी सोडवून दिल्या. "बाकीचं घरी जाऊन. युक्ती सांग त्याला, मुन्शी. ओढायचं नाय. आधी गाठ आत ढकलायची, मग ती आपल्या मर्जीने बाहेर येते." मी साहेबाला इंग्रजीत समजावलं. साहेबाने अगदी गंभीरपणे वहीत लिहून घेतलं.

गाडी गेल्यावर मास्तरांनी एक डोळा उघडला. "गेली?"

"गेली."

"अल्ला माफ करो. पण गाठ काय बसली होती रे!"

असे मास्तर. आता त्यांच्याविषयी ज्या कारणाने मी इतकी वर्षं लिहायचं टाळलं, तिकडे वळतो. मी मुळात कमी बोलणारा माणूस. लोक त्याला माझा शहाणपणा समजतात, आणि मी त्यांना तसं समजू दिलेलं आहे.

कामासाठी मला उम्म सईदला, तेलाच्या बंदरावर, बोटींवर कागद घेऊन जावं लागे. एकदा एका बोटीवर हाँगकाँगचा म्हातारा चिनी स्ट्युअर्ड आहे असं मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी लगेच भिंतीवरचा क्लबातला फोटो उतरवला. त्यांनी शिवलेल्या झग्यांतल्या तीन मडमा ओळीने उभ्या. तो रुमालात बांधून माझ्या हातात दिला. "दाखव त्याला. काय म्हणतो बघ. चिन्याचं सर्टिफिकेट म्हणजे चेष्टा नाय."

स्ट्युअर्डने फोटो बघितला. बटणांवर बोट ठेवून मान हलवली, हसला. मग त्याचं बोट तिरक्या रांगेवरून सरकत काखेपर्यंत गेलं, आणि हसू थांबलं. त्याने स्वतःच्या उजव्या काखेवर थाप मारली. "लिव्हिंग पीपल, दिस साइड." मग डावीकडे. "डेड पीपल, दॅट साइड." आणि फोटो पालथा घालून मला परत दिला.

बायकांचं काय, म्हणून मी विचारलं. बायका, पुरुष, सगळ्यांचं एकच, तो म्हणाला. डावीकडे फक्त मेलेल्यांचं.

चूक कशी झाली ते मला परतीच्या वाटेवरच उमगलं, कारण मास्तरांच्या बढायांतूनच तिचे तुकडे मी पूर्वी ऐकले होते. हाँगकाँगच्या त्या दुकानात त्यांनी पुरुषांचे लांब झगे बघितले होते, उजवीकडे बंद होणारे. बायकांचं शिवण आत, पडद्यामागे, दुसऱ्या कारागिराकडे. आणि मास्तरांकडे फक्त बटणं. म्हणजे झगा त्यांनी तिथे कधी कापलाच नसणार. इकडे येऊन त्यांनी शिंप्याचा साधा नियम लावला. साहेबाच्या शर्टाची पट्टी एकीकडे, मडमेच्या ब्लाउजची दुसरीकडे. जेंट्स उजवीकडे, म्हणजे लेडीज डावीकडे. जगातल्या कुठल्याही शिंप्याने हेच केलं असतं.

दुकानात पोचलो तेव्हा मास्तर पायरीवरच उभे होते. "काय म्हणाला चिनी?"

मी म्हणालो, "बटणं फार आवडली त्याला."

हे खोटं नव्हतं. माझी बहुतेक पापं अशीच आहेत, कागदोपत्री निर्दोष.

पहिल्या दिवशी गप्प बसलो तो त्यांचा चेहरा बघून. एवढं मी स्वतःच्या बाजूने म्हणू शकतो. पण दुसऱ्या दिवशी, आणि त्यानंतर दोन वर्षं गप्प बसलो ते मजा वाटायला लागली म्हणून. ते माझ्या पँटीला "छातीपर्यंतची" म्हणत, चारचौघांत माझ्या टायची गाठ सोडून परत बांधून दाखवत, दाऊदभाई हसे, आणि मी मनात म्हणे, बोला मास्तर, बोला. क्लबात तुमची मयतं नाचतायत. आपल्यावर हसणाऱ्या माणसाचं एक गुपित खिशात असलं की आपण फार सोशिक होतो. लोक म्हणत, मुन्शीला राग म्हणून येत नाही.

त्या दोन वर्षांत त्यांनी आणखी पुष्कळ झगे शिवले. त्यात एक दाक्तरीणबाईचा. कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरची ही बायको, शांत, जराशी फिकट. तिची बोटं सुजायची, त्यामुळे गाठीची बटणं जमत नव्हती. तिने ओशाळून विचारलं, बटणांऐवजी बंद लावले तर चालतील का? बटणांशिवाय चाँगसाम म्हणजे मास्तरांना शेपटीशिवाय मोर. पण तिच्या बोटांकडे बघून त्यांनी काही न बोलता फिक्या निळ्या कापडाला रेशमी बंद लावून दिले. थंडीनंतर डॉक्टर तिला उपचाराला इंग्लंडला घेऊन गेला. काही महिन्यांनी डॉक्टर एकटाच परत आला.

मग आली लान बाई.

कंपनीच्या टगबोटीवरच्या एका स्कॉटिश इंजिनिअरने हाँगकाँगला लग्न केलं आणि बायकोला घेऊन आला. नाव युक लान. अख्ख्या दोह्यात खरी चिनी बाई ती एकच. बातमी कळली त्या दिवशी मास्तरांनी दोनदा सुई बोटात टोचून घेतली.

"मुन्शी, आता माजी परीक्षा."

"कसली परीक्षा? तुम्ही तर उस्ताद."

"मडमांना काय कळतं? त्यांना मी गोणपाट शिवून दिलं तरी त्या नाचतील. ही बघणार. हिच्या आईने शिवलेलं हिने घातलेलं असणार." थोडं थांबून, दाऊदभाई ऐकत नाही हे बघून ते हळूच म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. मी तिकडं फक्त बटणं केली. झगा मी इकडं माज्या डोक्याने बसवला. हिने बरोबर म्हटलं तर मी खरा चायना टेलर. नायतर पाटी उतरवायची."

सांगायची वेळ हीच होती. त्यांनी स्वतः दार उघडून दिलं होतं. मी म्हणालो, "बरोबरच असणार, मास्तर."

माप मी आणलं, तिच्या जुन्या फ्रॉकवरून. तिच्या नावाचा अर्थ एक पांढरं फूल, हेही मीच नवऱ्याकडून विचारून आणलं. मास्तरांनी ठेवणीतलं हिरवं रेशीम काढलं, भेट म्हणून. कापायच्या दिवशी रेशीम सरकू नये म्हणून त्याचं दुसरं टोक मला धरायला सांगितलं. खडूची रेघ गळ्यापासून निघून डाव्या काखेकडे गेली. मी बघत होतो. त्यांनी "बिस्मिल्ला" म्हणून कात्री चालवली, आणि माझ्या बोटांना ते कापड कापलं जाताना जाणवलं.

बटणांना तीन आठवडे लागले. पांढरी फुलं, प्रत्येकाची एक पाकळी अर्धवट उमललेली.

शुक्रवारी नमाज झाल्यावर लान बाई आली, नवऱ्याबरोबर, साध्या फ्रॉकमध्ये. मनगटात हिरवं कडं होतं. मास्तरांनी ते बघून माझ्याकडे भुवई उडवली, म्हणजे 'ताय'. मग सगळं धैर्य गोळा करून तिच्याशी चिनी बोलले. झग्याकडे बोट दाखवून, "च्यक!" बाई इतकी दचकली आणि इतकी खूश झाली की तिने टाळीच वाजवली. फुलं बघून तर तिचे डोळे भरले. तिने एकेका पाकळीवरून नख फिरवलं.

मग तिने झगा खांद्यांना धरून उचलला.

चेहरा काही विटला नाही, फक्त स्थिर झाला. झगा तिने परत टेबलावर ठेवला, अगदी हळू. मला इंग्रजीत विचारलं, "याला हे कोणी शिकवलं?"

"काय म्हणते?" मास्तर.

"विचारते, कोणी शिकवलं."

मास्तरांनी छातीवर हात ठेवला. "स्वतः."

बाईने स्टूल ओढलं, वर्तमानपत्राचा कागद घेतला, खडूने दोन झगे काढले आणि उजव्या काखेकडे बंद होणाऱ्यावर बोट ठेवलं. पुरुष, बाई, मूल, सगळे या बाजूला.

"आणि ही बाजू कोणाची?" मास्तरांनी विचारलं. बाईने खडू खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला योग्य वाटेल तसं सांगा. नाहीतर नका सांगू." मला काही माहीत नाही असं समजून तिने मला हळूच सांगितलं, आणि मी, त्याच क्षणी कळल्यासारखा, तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघितलं. भुवयासुद्धा वर केल्या. ते नाटक मला अजून आठवतं. माझ्या हातून झालेलं सगळ्यात नीच काम कुठलं असं कोणी विचारलं, तर गप्प बसलो त्याच्याआधी मी त्या भुवया सांगेन.

"मेलेल्या माणसाची, मास्तर."

पंखा फिरत होता. दाऊदभाई ट्रे घेऊन दारात उभा होता, तो तसाच राहिला.

मास्तरांचे ओठ हलले. "म्हणजे... क्लबात... त्या तिघी ओळीने..." आणि ते हसायला लागले. हसताना मशीनवर डोकं टेकलं, टोपी पडली, सुया सांडल्या. "या अल्ला! मयतं वॉल्ट्स करत होती रे! आणि ती एक, तिला तर झग्यातून बाहेरच पडता येत नव्हतं!" लान बाईला एक अक्षर कळलं नाही, तरी तीही तोंडावर हात ठेवून हसायला लागली.

दाऊदभाईने संधी सोडली नाही. "मास्तर, पाटी बदला. कफन टेलर. गिऱ्हाईक परत तक्रार घेऊन येणार नाय." मग माझ्याकडे, "आणि मुन्शी, तू तर बोटीवर चिन्यांत ऊठबस करतोस. तुला ठाव नव्हतं?"

मी काही बोलायच्या आधीच मास्तर बोलले. हसण्यामुळे डोळे पुसत, अगदी सहज. "त्याला ठाव असतं तर त्याने मना सांगितलं नसतं? तो काय तुज्यासारखा हाय?"

पुढे लान बाईने समजूत घातली. ती म्हणाली, मेलेल्याच्या कपड्याला बटण कधीच लावत नाहीत, नुसते बंद बांधतात. तुमच्या झग्यांना तर इतकी सुंदर बटणं आहेत. म्हणजे ते मेलेल्यांचे नाहीत. ते फक्त तुमचे आहेत. मी हे मराठीत सांगितलं. मास्तरांना फार बरं वाटलं. "बघ, बटणांनी वाचवलं!" म्हणाले, आणि मान डोलावताना मध्येच थांबले.

"मुन्शी," ते हळू म्हणाले, "दाक्तरीणबाईचा बंदांचा होता."

लान बाईने विचारलं, काय म्हणतात? मी म्हणालो, "थँक यू म्हणतात."

त्यानंतर मास्तरांनी आरंभलं ते प्रकरण दुखानमध्ये बरीच वर्षं सांगितलं जाई. दर शुक्रवारी कंपनीच्या लॉरीत बसून, गळ्यात टेप अडकवून, ते प्रत्येक झग्याच्या मागावर निघाले. दार वाजवायचं आणि बोटीवरच्या इंग्रजीत सांगायचं, "मडम, गिव्ह बॅक. यू नो डेड. आय मेक यू लाइव्ह साइड." एकीने भीतीने दारच लावून घेतलं. एकीने बैठकीच्या खोलीत सगळ्यांना बोलावून त्यांच्याकडून हे तीनदा म्हणवून घेतलं. ज्या मडमेला गाठी सुटल्या नव्हत्या, तिने साफ नकार दिला. तिचं म्हणणं, या झग्यात मी कधी नव्हे इतकी जिवंत होते. बाकीच्यांचे पुढचे भाग मास्तरांनी पदरच्या कापडाने नवे घातले आणि तीच फुलं उसवून उजवीकडे बसवली. लान बाई आठवड्यात मध्येच एकदा येऊन टेबलाशी बसे आणि कटिंग दाखवी. पाटी राहिली. आता तर ती खरी झाली होती. ड्रॅगनलाही लान बाईने मिशा काढून दिल्या, पण पोरं त्याला सुसरच म्हणत राहिली.

पण दाक्तरीणबाईच्या मापाचा कागद, वर्तमानपत्राची खाचा पाडलेली पट्टी, त्यांनी भिंतीवरून काढला नाही. मी एकदा म्हणालो, "मास्तर, मौत-हयात अल्लाच्या हातात. तुम्हीच म्हणता ना?"

"तेच म्हणतो," ते म्हणाले. "पण शिलाई तर माज्या हातात होती. आधी कोणी सांगितलं असतं तर मी तिला उजवीकडं बंद लावून दिले असते. एवढंच. मेली असती तरी जिवंत माणसाच्या कपड्यात असती."

आधी कोणी सांगितलं असतं तर. त्या वाक्यातला कोणी त्यांच्यासमोर उभा होता, आणि त्यांनी त्याला चहा मागवला.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. गावी जायचं होतं. मास्तरांनी परस्पर माझी शेरवानी शिवायला घेतली. माप घ्यायची त्यांना गरज नव्हती, "तुजी छाती मना पँटीमुळे पाठ हाय," म्हणाले. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी ती घालून बघायला गेलो. ती आमची शेवटची भेट ठरली. मी परत आलो तेव्हा दुकान बंद होतं. छातीच्या दुखण्याने त्यांना गावी नेलं होतं, आणि तिथून ते आले नाहीत.

त्या दुपारी मी ठरवून गेलो होतो. लग्नाला जाताना हे ओझं नको, असा माझा स्वार्थही त्यात होताच. शेरवानी दुधी रंगाची. पुढे गळ्यापर्यंत बारीक गाठीची बटणं, कुठलंही फूल नाही, पुरुषाला शोभतील अशी. मला भिंतीशी उभं करून मास्तर गुडघ्यांवर बसले आणि खालून एकेक बटण लावत वर यायला लागले. त्यांच्या टोपीला खळीचा वास होता. पोटापर्यंत आले तेव्हा मी म्हणालो, "मास्तर, एक सांगायचंय."

"सांग ना." छातीपर्यंत आले. उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता.

"तो फोटो. बोटीवरच्या चिन्याला दाखवला होता, आठवतं? त्याने तेव्हाच—"

"गप रे जरा," मास्तर म्हणाले. त्यांनी माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि कॉलरची शेवटची गाठ फाशात सरकवली. "बोलतोस तेव्हा गळा हलतो. बटण बसत नाय."

मी गप्प बसलो. ते दोन पावलं मागे सरकले, मान तिरकी करून मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि फार खूश झाले.